हवेच्या बुटांची कॉम्प्रेशन थेरपी घेतल्याने लिम्फ ड्रेनेज होऊन शरीर डिटॉक्स होतं का?

डिटॉक्स वगैरे काही होत नाही, ते काम लिव्हर आणि किडनी करतातच. पण थेरपी खोटी नाहीये. लिम्फ म्हणजे पेशींभोवती साचलेलं जास्तीचं पाणी परत रक्तात नेणारा द्रव. रक्ताला हृदयाचा पंप आहे तसा लिम्फला नाही, ते स्नायूंच्या हालचालीवर आणि श्वासावर पुढे सरकतं, म्हणून बाहेरून दाब दिला की मदत होते. मशीनच्या त्या बुटात कप्पे असतात, पावलापासून वर एकेक फुगत जातात.

खरी गरज लिम्फेडेमावाल्यांना, म्हणजे लिम्फ साचून हात किंवा पाय सुजतो त्यांना. माझ्या मावशीचं ब्रेस्ट कॅन्सरचं ऑपरेशन झालं, काखेतल्या लिम्फच्या गाठी काढल्या आणि काही महिन्यांनी त्या हातात बांगडीच जाईना, बोटाने दाबलं की खड्डा पडायचा. तिला फिजिओथेरपिस्टने माप घेऊन हाताला दाब देणारी घट्ट बाही (स्लीव्ह) दिली, सकाळी उठल्या उठल्या सूज कमी असते तेव्हाच घालायची, रात्री काढायची, सोबत हाताचे व्यायाम. आता बांगड्या घालते. विदर्भात हत्तीपायाचे पेशंट आहेत त्यांनाही पट्ट्या, व्यायाम आणि पाय रोज धुऊन कोरडा ठेवणं याचा खूप उपयोग होतो.

दिवसभर उभं राहून पाय जड होत असतील तर बरं वाटेल, पण तेवढ्यासाठी पार्लरमध्ये हजारो रुपयांचं पॅकेज नका घेऊ, चाला आणि पाय वर करून झोपा. आणि प्लीज, एकाच पायाला अचानक सूज, दुखणं, लाली असेल तर मशीन अजिबात नको, आत रक्ताची गुठळी असू शकते, आधी डॉक्टर. हार्ट फेल्युअर किंवा पायाचा रक्तपुरवठा कमी असलेल्यांनीही विचारल्याशिवाय लावू नका.