केरेनचा किरणाशी काडीचाही संबंध नाही

‘बायबलातल्या ईयोबाच्या (इंग्रजीत जोब) धाकट्या मुलीचं नाव केरेन-हप्पुख. त्याचा अर्थ काय? आणि केरेन म्हणजेच आपला किरण, हे खरं का?’ असा प्रश्न आला आहे. दुसरा भाग आधी निकालात काढतो, कारण हे केरेन-किरण ऐकून कान किटले आहेत.

किरण आला ‘कॄ’ म्हणजे विखुरणे या धातूपासून; विकीर्ण, प्रकीर्ण ही त्याचीच भावंडं. हिब्रू केरेन म्हणजे शिंग. त्याला ‘तिरीप’ असाही अर्थ आहे, पण तो शिंगातूनच फुटलेला. सिनाय डोंगरावरून उतरणाऱ्या मोशे या ज्यू प्रेषिताचा चेहरा तेजाळला, असं बायबलातल्या निर्गम ३४ मध्ये आहे, तिथे याच मुळाचं क्रियापद येतं. बायबल लॅटिनमध्ये आणणाऱ्या जेरोमने त्याचं सरळ ‘शिंगं असलेला’ करून टाकलं. रोममधल्या मायकेलअँजेलोने घडवलेल्या मोशेच्या पुतळ्याला डोक्यावर दोन शिंगं आहेत, ती त्यामुळेच!

नातं जुळवायचंच होतं तर शृंगाशी जुळवायचं. संस्कृत शृंग, लॅटिन कोर्नू, इंग्रजी हॉर्न हे एका घरातले. आपलं शिंग शृंगाचंच. तिकडे हिब्रू केरेन, अरबी कर्न, अक्कादी कर्नू. भाषाकुळं दोन, इंडो-युरोपीय आणि सेमिटिक, पण ध्वनीही जुळतो आणि अर्थही. काही पंडित हा योगायोग म्हणून झटकून टाकतात. मला ते पटत नाही. गुरं या मुलखातून त्या मुलखात गेली, तर शिंगाचा शब्द मागे कशाला राहील? कोणी कोणाकडून घेतला, यावर खुशाल भांडा.

आता हप्पुख. ‘ह’ हे इंग्रजी ‘द’सारखं उपपद, ‘पूख’ म्हणजे सुरमा. बंडखोर सेनापती येहू येतोय म्हटल्यावर ईजबेल राणी डोळ्यांत घालून खिडकीशी येते, तो हाच (२ राजे ९:३०). कोशकार डोळे मिटून ‘अँटिमनी’ हा धातू लिहितात. प्राचीन इजिप्तमधल्या सुरम्याचे नमुने तपासले तर त्यांत बहुतेक शिशाचं खनिज निघालं. शिंग इथे भांडं म्हणून आलंय. शमुवेल संदेष्ट्याने दावीदाला राजा म्हणून अभिषेक केला तोही शिंगातल्या तेलानेच. तेव्हा केरेन-हप्पुख म्हणजे सुरमादाणी.

जुन्या ग्रीक भाषांतरात मात्र ‘अमाल्थियाचं शिंग’ आहे! बाळ झ्यूसला दूध पाजणाऱ्या बकरीचं, हवं ते देणारं शिंग. भाषांतरकाराला पूख कळला नाही, म्हणे. पण बायबलातल्याच यिर्मयाच्या ग्रीक भाषांतरात त्याच शब्दाला ‘स्तिबी’, म्हणजे सुरमाच, लिहिलाय. माझा अंदाज असा की, १४,००० मेंढरं आणि ६,००० उंट पदरी पडलेल्या बापाच्या लेकीला सुरमादाणी म्हणणं त्याला कमीपणाचं वाटलं असावं. थोरलीच्या बाबतीतही तेच. यमीमा अरबी ‘यमामा’शी, म्हणजे पारव्याशी जुळते, या भाषांतरकाराने हिब्रू ‘योम’ (दिवस) धरून तिला ‘दिवस’ केलं. मधल्या कसीयाला तेवढा हात लावता आला नाही. ती तज, आणि ग्रीकांनी तजेचं नाव सेमिटिक भाषांकडूनच उचललं होतं.