मेंढीच्या मिठाचा प्रश्न घेऊन कुठे शिकायला जाऊ?

प्रश्न : मी बारावी विज्ञानला आहे. आमच्या मेंढ्या आहेत. बाबा वाड्यात मिठाचा खडा टांगतात. मीठ कमी पडलं तर जनावराच्या अधिवृक्क ग्रंथीत (मूत्रपिंडाच्या वर असलेल्या लहान ग्रंथीत) बदल होतात, असं वाचलं. मला त्यावरच संशोधन करायचंय. पण घरचे म्हणतात, जनावरांचा डॉक्टर म्हणजे सुया टोचणं. काय करू?
– एक विद्यार्थिनी, आटपाडी तालुका

उत्तर : तुझा प्रश्न पुस्तकातून नाही, वाड्यातून आलाय. तो सोडू नकोस.

तू वाचलंस ते खरं आहे. मिठातलं सोडियम कमी पडलं की मूत्रपिंड रेनिन नावाचं विकर रक्तात सोडतं, त्यामुळे अँजिओटेन्सिन हे संप्रेरक तयार होतं आणि ते या ग्रंथीच्या सर्वांत बाहेरच्या थराला कामाला लावतं. तिथल्या पेशी कोलेस्टेरॉलपासून जास्त अल्डोस्टेरॉन, म्हणजे शरीरात सोडियम राखून ठेवणारं संप्रेरक, बनवू लागतात, थरही रुंदावतो. ऑस्ट्रेलियात डेरेक डेंटन हे शरीरक्रियाशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे रानातच पाहिलं. स्नोई पर्वतातल्या गवतात सोडियम अगदी कमी. तिथल्या कांगारूंच्या आणि सशांच्या लघवीत ते जवळपास नव्हतंच, आणि ग्रंथीचा तो थर वाढलेला होता. मीठ मुरवलेल्या लाकडी खुंट्या ससे कुरतडून खायचे! हे 1968 साली प्रसिद्ध झालं. मेंढीत तर लाळही बोलते : तिच्यातलं सोडियम घटतं, पोटॅशियम वाढतं.

माझं स्पष्ट मत, तू पशुवैद्यकच कर. त्यासाठी ‘नीट’ ही प्रवेश परीक्षा द्यावी लागेल. इंटर्नशिप धरून अभ्यासक्रम साडेपाच वर्षांचा. शिरवळचं महाविद्यालय तुला त्यातल्या त्यात जवळ. परळ, नागपूर, परभणी, उदगीर इथेही आहेत. पुढे एम.व्ही.एस्सी. ही पशुवैद्यकातली पदव्युत्तर पदवी शरीरक्रियाशास्त्रात किंवा पशुपोषणात, मग पीएच.डी. बंगळुरूला या दोन्ही विषयांची राष्ट्रीय संस्थाच आहे. नीटमध्ये जमलं नाही, तर प्राणिशास्त्र किंवा जीवरसायनशास्त्रात बी.एस्सी., एम.एस्सी. करूनही संशोधनात येता येतं. पण अख्खं जनावर हाताळायची सवय पशुवैद्यकातच लागते, आणि तुझ्या विषयाला ती हवीच.

घरच्यांचं म्हणणं अगदीच चूक नाही. सुया टोचाव्या लागतील, विताना अडलेली मेंढी रात्री सोडवावी लागेल. त्याहून अवघड गोष्ट आधीच सांगते. ग्रंथी तपासायची, तर प्रयोगाअंती प्राण्याला, प्रयोगशाळेत बहुधा उंदरांना, मारावं लागतं. नैतिक समितीची परवानगी लागते, नियम कडक असतात, तरी ते काम हातांनीच करावं लागतं. ते मनाला झेपेल का, याचा विचार आत्ताच कर. नाही झेपलं तरी वाट बंद होत नाही; लाळ, लघवी आणि रक्त यांवरही भरपूर काम करता येतं.

तोवर एक वही घाल. कोणती मेंढी खडा जास्त चाटते, ती गाभण आहे की अंगावर कोकरू आहे, चारा कोणता होता, हे तारखेसह लिही. प्रयोग म्हणून खडा काढून मात्र ठेवू नकोस. दुभत्या मेंढीचं सोडियम दुधावाटे रोज जातच असतं.