फ्रीजरमधले मटार पिवळे का पडतात? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

प्रश्न: ताई, सीझन होता तेव्हा भरपूर मटार सोलून पिशव्या भरभरून फ्रीजरमध्ये टाकले. दोन-तीन महिन्यांनी बाहेर काढले तर रंग पिवळट, वाळक्या गवतासारखा वास, आणि सगळे दाणे मिळून एकच दगड, ओट्यावर आपटून आपटून फोडावा लागला. कोणी म्हणतं उकळून ठेवा, कोणी म्हणतं पाणी अजिबात लावू नका. नक्की खरं काय?

उत्तर: एकाच पिशवीत तुम्हाला दोन वेगळे प्रॉब्लेम झालेत, दोन्हींची कारणंही वेगळी.

आधी रंग आणि वास. दाणा शेंगेतून काढला म्हणजे त्याच्या आतला कारभार थांबला असं होत नाही, एन्झाइम्स (दाण्यात रासायनिक बदल घडवून आणणारी प्रथिनं) आपलं काम करतच राहतात आणि फ्रीजरमध्ये ती फक्त मंदावतात, बंद पडत नाहीत. त्यातलं लायपॉक्सिजनेज नावाचं एक एन्झाइम दाण्यात जो थोडासा स्निग्ध अंश असतो त्याच्या मागे लागतं आणि तो गवताचा वास मुख्यतः तिथून येतो. ते बंद पाडायचं तर उष्णताच हवी, म्हणून ब्लांचिंग, म्हणजे दाणे उकळत्या पाण्यात थोडाच वेळ ठेवून लगेच गार करणं. ज्यांनी पाणी लावू नका सांगितलं त्यांचे मटार बहुतेक महिन्याभरात संपत असतील, तेवढ्यात काही फारसं कळत नाही. वर्षभर ठेवायचे असतील तर ब्लांचिंगला पर्याय नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

आता उकळणं म्हणजे शिजवणं नव्हे. अर्धा किलो दाण्यांना साधारण 4 लिटर पाणी घ्या, हो एवढं लागतं, कारण पाणी कमी असेल तर दाणे टाकल्या टाकल्या ते गार पडतं आणि मग दाणे नुसते कोमट पाण्यात भिजत बसतात. पाणी खळखळ उकळत असताना दाणे टाका, झाकण ठेवा, परत उकळी फुटली की तिथून घड्याळ लावा आणि दीड मिनिटात बाहेर. उकळी परत यायला मिनिटाच्या वर वेळ लागला तर समजा की घाणा मोठा झाला, पुढच्या वेळी कमी टाका. समुद्रसपाटीपासून 1500 मीटरच्या वर राहत असाल तर मिनिटभर जास्त ठेवा, तिथे पाणी कमी तापमानालाच उकळतं. आणि अर्धवट ब्लांच करू नका, त्याने एन्झाइम्स मरत तर नाहीतच उलट जास्त चेकाळतात, त्यापेक्षा कच्चे ठेवलेले परवडले.

बाहेर काढले की लगेच बर्फाच्या पाण्यात. नळाच्या पाण्यावर भागवू नका, दाणा आतून गरम राहिला तर तो शिजतच राहतो. झालं का हे बघायला एक दाणा चावून बघा, मध्यभागी दाताला गार लागला पाहिजे.

दगड होण्याचं कारण मात्र पाणी. दाण्यावर जे पाणी राहतं त्याचाच बर्फ होऊन दाणे एकमेकांना चिकटतात. चाळणीत निथळून मग सुती कापडावर पसरा, वरून दुसऱ्या कापडाने टिपून घ्या, मग ट्रेमध्ये किंवा ताटात एकच थर करून फ्रीजरमध्ये ठेवा. दाणे कडक झाले, ट्रे हलवल्यावर खडखड वाजायला लागले की लगेच पिशवीत भरा. ट्रे रात्रभर तसाच उघडा राहिला तर दाणे सुकतात. असे गोठवलेले मटार नंतर मूठभर लागले तरी मोकळे निघतात.

अजून एक, उत्साहाच्या भरात सगळे एकाच दिवशी कोंबू नका. गरजेपेक्षा जास्त माल एकदम आत गेला की सगळंच हळूहळू गोठतं आणि हळू गोठलं की दाण्यात बर्फाचे मोठे स्फटिक होतात, ते आतल्या पेशी फाडतात, मग शिजवल्यावर दाणा गिळगिळीत लागतो. 100 लिटरच्या फ्रीजरमध्ये एका दिवशी 3-4 किलो ताजा माल पुरे.

प्रश्न: उकळताना साखर आणि चिमूटभर सोडा घातला की रंग हिरवागार राहतो म्हणे, घालावा का?

उत्तर: सोड्याने रंग राहतो हे खरं आहे, पण साल मऊ पडते, दाणा पिचपिचीत होतो आणि व्हिटॅमिनचंही नुकसान होतं. वेळ नीट पाळली आणि लगेच गार केलं की रंग आपोआप छान राहतो, मग सोडा कशाला? साखरेचं म्हणाल तर दीड मिनिटात दाण्यात अशी कितीशी गोडी उतरणार. मटारची गोडी ठरते ती शेंग तोडल्यापासून किती वेळ गेला त्यावर, कारण तोडल्यापासून आतल्या साखरेचं स्टार्च व्हायला लागतं. त्यामुळे शेंगा आणल्या त्याच दिवशी सोला आणि त्याच दिवशी गोठवा. जून, पिठूळ दाणे फ्रीजरमध्ये जाऊन कोवळे होत नाहीत, ते सरळ रोजच्या भाजीत संपवा.

प्रश्न: पिशवीत आतून भुरभुरीत बर्फ साचतो आणि काही दाणे पांढरट, सुरकुतलेले होतात. खराब झाले का?

उत्तर: खायला खराब नाहीत, चवीला मात्र गेले. त्याला फ्रीजर बर्न म्हणतात, दाण्यातलं पाणी वाफ होऊन निघून जातं आणि पिशवीच्या आत बर्फ होऊन बसतं. पिशवीत हवा जितकी जास्त आणि तापमान जितकं वरखाली तितकं हे जास्त होतं. पिशवी सपाट करून हवा दाबून काढा, जाड फ्रीजरची पिशवी वापरा आणि एका वेळेला लागतील एवढेच दाणे एकेका पिशवीत भरा, म्हणजे मोठी पिशवी रोज उघडबंद होणार नाही. वर तारीख लिहाच, आठवणीवर ठेवू नका.

फ्रीजर उणे 18 अंशाला असेल तर मटार 8 ते 12 महिने चांगले राहतात. फ्रीजच्या आतच जो छोटा बर्फाचा कप्पा असतो त्यावर एक स्टार असेल तर तो साधारण उणे 6, दोन असतील तर उणे 12, उणे 18 साठी किमान तीन स्टार लागतात. एका स्टारच्या कप्प्यात वर्षभराचा साठा करायच्या भानगडीत पडूच नका.

प्रश्न: लाईट गेली तर सगळं टाकून द्यायचं का?

उत्तर: आधी दार बंद ठेवा, हे महत्त्वाचं. गच्च भरलेला फ्रीजर दार न उघडता साधारण 48 तास थंडी धरतो, अर्धा भरलेला 24 तास. दाण्यांवर अजून बर्फाचे कण असतील तर परत गोठवता येतात, चव थोडी उतरेल इतकंच. पूर्ण वितळून कोमट झाले असतील तर मात्र मोह नको.

प्रश्न: वापरायच्या आधी बाहेर काढून ठेवायचे का?

उत्तर: गरज नाही, गोठलेलेच उकळत्या रश्शात किंवा गरम कढईत टाका. ब्लांचिंगमध्ये ते अर्धे शिजलेले असतात म्हणून ताज्या मटारपेक्षा वेळ कमी लागतो, शेवटी घातले तरी चालतात. फक्त सॅलडवर तसेच गार भुरभुरू नका, गोठवल्याने जंतू मरत नाहीत, एकदा चांगली वाफ द्याच.