विभागीय साहित्य संमेलनात साध्या वाचकाला लेखक खरंच भेटतो का?

भेटतो, पण मंडपात नाही. मंडपात आमदार भेटतात.

एका छोट्या प्रकाशकाकडे १२ वर्षं विक्री सांभाळली, त्यामुळे विदर्भ-मराठवाड्यातली बरीच संमेलनं मी गाळ्यातल्या खुर्चीवरून पाहिली. एका तालुक्याच्या गावी आमचं ग्रंथदालन मंडपामागे, भटारखान्याला लागून दिलं होतं. पुस्तकांना फोडणीचा वास लागला तो परतीच्या खोक्यांतही तसाच. स्वागत समितीच्या सचिवांकडे तीनदा गेलो. म्हणाले, "अहो, जेवायला तर सगळे तिकडेच येणार ना!"

उद्घाटन अकराचं, पाहुणे दीडला आले. मग परिसंवादाचा गळा आवळला, वक्त्याला सात-सात मिनिटं. त्यातले एक कथाकार वैतागून आमच्याकडे आले आणि खोक्यावर टेकले. तेवढ्यात जेवून, उपरण्याला हात पुसत एक गृहस्थ आले. पुस्तकामागचा फोटो पाहिला, यांच्याकडे पाहिलं. नमस्कार नाही की काही नाही. "तुमच्या गोष्टीतली बाई भाद्रपदात शाळू काढती. तवा तर पेरायचा असतो!"

कथाकारांचा चेहरा पडला. मग खिशातली कार्यक्रमपत्रिका काढून तिच्या पाठीवर लिहून घेऊ लागले. शाळूची, म्हणजे रब्बी ज्वारीची, पेरणी, राखण, काढणी, सगळं. तासभर दोघं तिथेच. मी चहा दोनदा आणला. पुढच्या आवृत्तीत भाद्रपदाचा माघ झाला.

आमचे एक प्राध्यापक स्नेही अजून ऐकवतात की संमेलन लेखकांचं, वाचकानं टाळ्या वाजवाव्यात. बरोबरच आहे, १८७८ ला पुण्यात सुरुवात झाली तीच 'ग्रंथकार सभा' म्हणून. नावातच वाचक नव्हता. फुल्यांनी १८८५ साली तिचं आमंत्रण धुडकावलं, ते काय उगाच? सर, त्या शाळूवाल्यानं टाळी वाजवली नाही, म्हणून तर गोष्ट सुधारली.

तर जा. ग्रंथदिंडी बघा, सत्कार सोडा, दुपारी गाळ्यांवर रेंगाळा. वाचलेलं पुस्तक सोबत न्या, सहीसाठी नव्हे, भांडायला. अर्थात सगळे लेखक असे नसतात, काही जण पाहुण्यांच्या गाडीतून येतात आणि तिच्यातूनच जातात. आणि ओळखीत कुणी स्वागत समितीत असेल तर ग्रंथदालन प्रवेशद्वाराशी घ्यायला सांगा.

सचिवसाहेब म्हणतील, तो माणूस जेवायला आला म्हणूनच तुमच्या गाळ्यावर पोचला. तेवढं त्यांचं खरं आहे.