नागपूरहून काइटसर्फिंग शिकायचंय: अंबाझरी तलावात जमेल का, की शांत किनाऱ्यावर खासगी शिकवणी घ्यावी?

अंबाझरीत नको, थेट रामेश्वरमकडच्या उथळ, सपाट पाण्यावर जा आणि निदान पहिले ६ तास एकट्याची शिकवणी घ्या. काइटसर्फिंगमध्ये मोठा पतंग तुम्हाला फळीवरून पाण्यावर ओढत नेतो; त्या पतंगाच्या दोऱ्याच २० ते २४ मीटर लांब असतात, आणि तलावाकाठच्या झाडा-इमारतींवरून येणारा वारा तुटक असतो; मध्येच पडतो, मग एकदम हिसका देतो. शिकणाऱ्याला ताशी साधारण २२ ते ३३ किमीचा एकसारखा वारा लागतो. पाणी कमरेइतकं असलं की पडल्यावर उभं राहता येतं, बराच वेळ तिथेच वाचतो.

क्रम असा: आधी वाळूवर २-३ चौरस मीटरचा छोटा पतंग, मग पाण्यात फळीशिवाय नुसतं ओढलं जाणं, शेवटी फळीवर उभं राहणं. एवढ्याला बहुतेकांना ८ ते १२ तास लागतात. नवशिके घाबरले की दांडा (पतंग वळवायचा, हातात धरायचा) छातीशी ओढतात, त्यानं पतंग आणखी जोर धरतो. दांडा सोडून द्यायचा! तरीही ओढ थांबली नाही, तर हार्नेससमोरची (पतंग ज्याला जोडतात त्या कमरेच्या पट्ट्यासमोरची) लाल सुटका-कळ पुढे ढकला. ही कळ डोळे मिटून सापडेपर्यंत पाण्यात उतरूच नका, हे अगदी कळकळीनं सांगतो.

मात्र किनारा शांत आहे म्हणून सुरक्षित, असं नाही. वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत असेल आणि सोबत बचावाची बोट नसेल, तर त्या दिवशी शिकवणी रद्द करा.