मोजणी जुळली, पण गर्दी जुळली का?

प्रश्न : लोकलच्या एका स्टेशनवरच्या पादचारी पुलावरच्या गर्दीचं संगणकावर सिम्युलेशन (आभासी मॉडेल) करते आहे. तासाभराची संख्या प्रत्यक्ष मोजणीशी जुळते, पण स्क्रीनवर जिन्यापाशी गर्दी तुंबतच नाही. प्रत्यक्षात तिथे पाय ठेवायला जागा नसते. कुठे चुकतंय?
— स्थापत्य अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, डोंबिवली

उत्तर : माणसं तासभर एकसारखी येत राहतात असं धरलंय का, ते आधी पाहा. समजा, दर ४ मिनिटांनी गाडी येते आणि प्रत्येकीतून ४०० जण उतरतात. तासाला ६,०००, म्हणजे मिनिटाला १००. जिना मिनिटाला १५० जणांना सोडत असेल तर मॉडेलमध्ये रांग लागणारच नाही. प्रत्यक्षात ते ४०० जण मिनिटाभरात जिन्याशी येतात आणि त्या मिनिटाअखेर २५० जण पायथ्याशी अडकलेले असतात. गाडी गेली की सगळं मोकळं, आणि तासाचा आकडा तोच! म्हणून माणसं गाडीच्या वेळेनुसार आणि डब्यांनुसार सोडा.

दुसरी मेख ओघाची, म्हणजे मिनिटाला किती जण जातात याची आहे. पुलाच्या ३ मीटर रुंद सपाट भागावर चौरस मीटरला ०.८ माणूस असेल आणि वेग सेकंदाला १.२ मीटर असेल, तर मिनिटाला सुमारे १७३ जण जातात. घनता ३ झाली आणि वेग ०.३२ वर आला, तरीही तेवढेच! पहिल्या स्थितीत माणूस मोकळा चालतो, दुसरीत पाय घासत सरकतो. नुसती मोजणी जुळवलीत तर मॉडेल यातलं नेमकं काय दाखवतंय ते कळणार नाही. घनता आणि वेग दोन्ही जुळलेच पाहिजेत.

त्यासाठी कॅमेरा डोक्यावरून सरळ खाली बघणारा लावा. तिरक्या चित्रात उंच माणसाची जागा चुकते. चालताना डोकं डावी-उजवीकडे डुलतं, म्हणून फ्रेमगणिक वेग काढू नका, साधारण १ सेकंदाचं अंतर घ्या. मोकळा वेग रिकाम्या पुलावर थेट मोजा आणि तो कायम धरा. मग घनता-वेगाच्या आलेखावरून माणसामाणसांतल्या अंतराचे पॅरामीटर बसवा. जिन्यासाठी हे सगळं वेगळं करा, चढ वेगळा, उतार वेगळा. युरोपातले तयार आकडे उचलू नका. चट्टराज, सायफ्रीड आणि चक्रवर्ती यांनी २००९ मध्ये भारतीय आणि जर्मन लोकांना एका रांगेत चालवून पाहिलं, तेव्हा दाटीत भारतीयांचा वेग कमी घटला. शेवटी ज्या दिवसाचा डेटा वापरला नाही त्या दिवसावर तपासणी करा, तीही वेगवेगळ्या यादृच्छिक (रँडम) सुरुवातींनी किमान २० वेळा.

आणि थांबलेली माणसं विसरू नका. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर २३ जणांचे जीव गेले, त्या सकाळी जोराच्या पावसामुळे लोक पुलावरच थांबून होते. सगळे चालतच राहतात असं मानणारं मॉडेल ती अवस्था दाखवूच शकत नाही. पावसाचा दिवस वेगळा चालवून पाहा.

प्रश्न : दाटी झाली की माझ्या मॉडेलमधले ठिपके थरथरतात, एकमेकांत घुसतात. काय करू?
— एक वाचक, पुणे

उत्तर : कालपायरी, म्हणजे मॉडेल एका वेळी जेवढा वेळ पुढे सरकतं तो तुकडा, मोठी असणार. हेलबिंग यांच्या २००० सालच्या बलाधारित मॉडेलमध्ये दूर लोटणाऱ्या बलाचा पल्ला ०.०८ मीटर आहे. पायरी ०.१ सेकंदाची असेल तर सेकंदाला १.३ मीटरने चालणारा एका उडीत १३ सेंटिमीटर जातो, म्हणजे बल जाणवण्याआधीच समोरच्याच्या अंगात शिरतो आणि पुढच्या पायरीला जोरात मागे फेकला जातो. ०.०१ सेकंद ठेवा. ती निम्मी केल्यावरही उत्तर बदललं, तर आणखी कमी करा.