दुबईला माल धाडण्याआधी ट्रेडमार्कचं बघ रे

फोंड्याच्या तुझ्या काजूचं नाव इथं रजिस्टर झालं म्हणजे दुबईतही तुझंच, असं धरू नकोस, ट्रेडमार्क ज्या त्या देशापुरताच. आमच्या कोकम सरबताचं नाव तिथल्याच एका व्यापाऱ्याने आधी स्वतःच्या नावावर केलं, लेबलं छापून तयार होती, सगळी फुकट गेली, अजून जीव तुटतो.

भारत 2013 पासून माद्रिद प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे एकाच अर्जातून अनेक देशांत ट्रेडमार्क मागण्याच्या आंतरराष्ट्रीय करारात आहे, त्यामुळे इथल्याच रजिस्ट्रीतून एका अर्जात हवे ते सदस्य देश निवडता येतात, यूएई, म्हणजे दुबईचा देशपण त्यात आहे. इथला अर्ज टाकल्यापासून 6 महिन्यांत बाहेरचा अर्ज केलास तर तोही इथल्याच तारखेचा धरतात, ती संधी सोडू नकोस. आणि बाहेरचं रजिस्ट्रेशन झाल्यापासून पहिली 5 वर्षं इथलं रजिस्ट्रेशन सांभाळ, ते पडलं तर बाहेरचंही पडतं.